क्वेबेकचे भाषाकायदे : बहुसंख्य कोण, अल्पसंख्य कोण?



वाङ्मयीन संस्थेच्या व्याख्यानमालेत एका होमिओपॅथिक डॉक्टरने कॅनडातल्या कायद्यांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. माझा या विषयाशी संबंध दवाखान्यातून आला. होमिओपॅथीत रोग्याची हकिकत टिपून घेताना 'दुखते' एवढ्या शब्दाने भागत नाही. ठणकते, कळ येते, चमक मारते, टोचते की आग होते, हे त्याच्याच तोंडून यावे लागते. कन्नड रोगी 'नोवु' म्हणाला, तर त्यात 'उरि' आहे का, म्हणजे जळजळ आहे का, हे त्याच्या भाषेत विचारावे लागते. सीमाभागात अनेक वर्षे हे काम केल्यावर एक गोष्ट मनात पक्की बसली. भाषा हा अस्मितेचा विषय आहेच, पण माणूस अडचणीत असतो तेव्हा ती निकडीची गरज असते. शाळा, कचेरी, कोर्ट आणि दवाखाना या चार दारांशी माणूस उभा राहतो, तेव्हा त्याची भाषा आत घेतली जाते की बाहेर ठेवली जाते, हे कायदा ठरवतो. या प्रश्नावर अडीचशे वर्षे कायदे करणारा, मोडणारा आणि पुन्हा करणारा प्रदेश म्हणून क्वेबेककडे पाहण्यासारखे आहे.

प्रथम तिथली परिस्थिती समजून घेऊ. कॅनडात दहा प्रांत आहेत. देशाच्या लोकसंख्येत फ्रेंच मातृभाषा असलेले साधारण पाचांत एक. क्वेबेक प्रांतात मात्र चारांतल्या सुमारे तिघांची मातृभाषा फ्रेंच. म्हणजे फ्रेंच भाषक आपल्या प्रांतात बहुसंख्य आणि देशात अल्पसंख्य. उलट क्वेबेकमधला इंग्रजी भाषक प्रांतात अल्पसंख्य, देशात बहुसंख्य. मी जैन घरात वाढलो, त्यामुळे मला इथे स्याद्वाद आठवतो. एकच माणूस एका नयाने बहुसंख्य आहे आणि दुसऱ्या नयाने अल्पसंख्य. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी. क्वेबेकचा सगळा कायदेशीर इतिहास म्हणजे या दोन सत्यांची ओढाताण आहे.

हा प्रदेश फ्रेंचांनी वसवला. १७५९ साली क्वेबेक शहराबाहेरच्या लढाईत इंग्रजांनी फ्रेंचांचा पराभव केला आणि १७६३च्या पॅरिस तहाने हा मुलूख ब्रिटनकडे गेला. सुमारे साठ-सत्तर हजार फ्रेंच भाषक कॅथलिक रयत इंग्रज राजाच्या अमलाखाली आली. १७७४ साली ब्रिटिश पार्लमेंटने क्वेबेक कायदा केला. दिवाणी बाबतीत जुना फ्रेंच कायदा चालू राहील, फौजदारी बाबतीत इंग्रजी कायदा लागू होईल आणि कॅथलिकांना सरकारी पदे घेता येतील, अशी त्यात तरतूद होती. गंमत अशी की, या कायद्यात भाषेबद्दल एक शब्दही नव्हता. धर्म वाचला, वारसाहक्काचे नियम वाचले, भाषा रिवाजावर सोडली गेली. गोव्यात पोर्तुगीज गेल्यावरही त्यांचा दिवाणी कायदा राहिला, हे आपल्याला ठाऊक आहे. सत्ता बदलली तरी कायद्याची चौकट टिकते. भाषा मात्र लिहून ठेवल्याशिवाय टिकेलच असे नाही.

याचा प्रत्यय लवकरच आला. १८३७-३८च्या उठावांनंतर लंडनहून लॉर्ड डरहॅम यांना चौकशीसाठी पाठवले गेले. १८३९च्या त्यांच्या अहवालाचा आशय असा होता की, फ्रेंच कॅनेडियनांनी इंग्रजी समाजात विरून जाणेच त्यांच्या हिताचे आहे. पाठोपाठ १८४०च्या कायद्याने दोन्ही वसाहती एक केल्या आणि विधिमंडळाचे लेखी दप्तर फक्त इंग्रजीत ठेवायचे ठरवले. हे कलम १८४८ साली रद्द झाले. आठ वर्षांत रद्द झाले तरी त्याची आठवण पुसली गेली नाही. समाजाच्या स्मृतीत रद्द झालेला कायदा अनेकदा चालू कायद्यापेक्षा जास्त काळ जगतो.

१८६७ साली कॅनडाचे संघराज्य झाले. त्याच्या घटनेतले १३३वे कलम नीट समजून घेतले पाहिजे. केंद्रीय संसदेत आणि क्वेबेकच्या विधिमंडळात दोहोंपैकी कोणत्याही भाषेत बोलता येईल, कायदे दोन्ही भाषांत छापले जातील आणि केंद्राच्या व क्वेबेकच्या न्यायालयांत कोणतीही भाषा वापरता येईल. म्हणजे क्वेबेकमधल्या इंग्रजी अल्पसंख्याकांना लेखी हमी मिळाली. तशीच हमी ऑन्टारिओतल्या फ्रेंचांना मात्र मिळाली नाही. शाळांबाबतचे ९३वे कलम धर्माधारित शाळांना संरक्षण देत होते. ऑन्टारिओ सरकारने १९१२ साली नियम १७ काढून पहिल्या दोन इयत्तांनंतर फ्रेंच माध्यमाला आडकाठी केली, तेव्हा फ्रेंच पालकांनी याच कलमाचा आधार घेतला. प्रिव्ही कौन्सिलने निवाडा दिला की, कलम कॅथलिकांचे रक्षण करते, फ्रेंचांचे नाही. शाळा कॅथलिक राहील, पण तिने कोणत्या भाषेत शिकवायचे हे सरकार ठरवेल.

मॅनिटोबात तर याहून वाईट घडले. १८७०च्या मॅनिटोबा कायद्यात दोन्ही भाषांची हमी होती. १८९० साली प्रांताने इंग्रजीला एकमेव भाषा करून ती हमी पायदळी तुडवली. जवळपास नव्वद वर्षे तसेच चालले. मग जॉर्ज फॉरेस्ट नावाच्या नागरिकाला गाडी उभी करण्याच्या दंडाची पावती फक्त इंग्रजीत आली. त्या किरकोळ पावतीवरून ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९७९ साली १८९०चा कायदा अवैध ठरला. १९८५ साली न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. फक्त इंग्रजीत केलेले प्रांताचे सगळे कायदे अवैध आहेत, परंतु अराजक माजू नये म्हणून भाषांतर होईपर्यंत ते तात्पुरते वैध मानावेत, असा तो निर्णय होता. एका पावतीने अख्ख्या प्रांताचे कायदेपुस्तक पुन्हा छापायला लावले!

आता क्वेबेककडे परत येऊ. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तिथे विचित्र स्थिती होती. लोक फ्रेंच, विधिमंडळ फ्रेंचांच्या हाती, पण मॉन्ट्रियलमधला मोठा व्यापार आणि वरच्या पगाराच्या जागा इंग्रजीच्या हाती. केंद्र सरकारने १९६३ साली नेमलेल्या द्विभाषा आयोगाने आकडे तपासले, तेव्हा क्वेबेकमध्येच फ्रेंच मुळाच्या पुरुषांची सरासरी कमाई निरनिराळ्या वांशिक गटांत जवळजवळ तळाशी असल्याचे दिसले. बहुसंख्य असूनही घरच्याच बाजारात भाषेला पत नव्हती. त्यातच फ्रेंच घरांतला जन्मदर झपाट्याने घटला आणि बाहेरून येणारी इटालियन, ग्रीक कुटुंबे मुलांना इंग्रजी शाळेत घालू लागली. दोष त्या पालकांचा नव्हता. ज्या भाषेत नोकरी, त्या भाषेत शाळा, हा हिशोब जगभर तोच असतो.

ठिणगी पडली ती मॉन्ट्रियलच्या सँ-लेओनार उपनगरात. तिथल्या शाळा मंडळाने स्थलांतरितांच्या मुलांना फ्रेंच माध्यम सक्तीचे केले आणि १९६९ साली दंगल झाली. त्याच वर्षी सरकारने विधेयक ६३ आणून पालकांना माध्यम निवडायची मोकळीक दिली. फ्रेंच समाज खवळला. १९७४ साली रॉबेर बुरासा यांच्या सरकारने विधेयक २२ने फ्रेंचला अधिकृत भाषा केले. इंग्रजी शाळेत जायचे तर मुलाला इंग्रजी पुरेसे येते हे सिद्ध करावे लागे, त्यासाठी लहान मुलांच्या परीक्षा सुरू झाल्या. कोवळ्या पोराची परीक्षा घेऊन त्याचे भवितव्य ठरवणारा कायदा दोन्ही बाजूंना नकोसा झाला.

१९७६ साली रेने लेवेक यांचा पार्टी क्वेबेक्वा पक्ष सत्तेवर आला आणि २६ ऑगस्ट १९७७ रोजी फ्रेंच भाषेची सनद मंजूर झाली. तीच विधेयक १०१ म्हणून गाजली. तिचे शिल्पकार मंत्री कामिय लोरां हे व्यवसायाने मनोविकारतज्ज्ञ होते, हे मी आवर्जून सांगतो. दबून राहायची सवय लागलेल्या समाजाला ताठ उभे करायचे, हा विचार त्यांच्या बोलण्यात सतत असे. सनदेने कामगाराला फ्रेंचमध्ये काम करण्याचा आणि ग्राहकाला फ्रेंचमध्ये सेवा मिळण्याचा हक्क दिला. ५० किंवा अधिक माणसे असलेल्या उद्योगांना कामकाज फ्रेंचमध्ये चालते असे प्रमाणपत्र घेणे भाग पडले. इंग्रजी शाळा बंद झाल्या नाहीत, पण ज्या मुलाच्या आईचे किंवा वडिलांचे प्राथमिक शिक्षण क्वेबेकमध्ये इंग्रजीतून झाले आहे, मुख्यतः त्यालाच तिथे प्रवेश मिळू लागला. दुकानांच्या पाट्या केवळ फ्रेंचमध्ये लावायच्या होत्या. विधिमंडळ आणि न्यायालय यांतही फ्रेंचलाच अधिकृत स्थान दिले.

परिणाम दोन्ही अंगांनी झाला. अनेक कंपन्यांनी मुख्य कचेऱ्या टोरंटोला हलवल्या, हजारो इंग्रजी भाषक प्रांत सोडून गेले. दुसरीकडे पूर्वी इंग्रजी शाळेत जाणारी स्थलांतरितांची मुले एका पिढीत फ्रेंच शाळेत आली. आज मॉन्ट्रियलमध्ये व्हिएतनामी, हैतियन किंवा लेबनीज घरातली तरुण मुले सहज फ्रेंच बोलतात, याचे श्रेय बरेचसे या सनदेला जाते.

मग न्यायालयांची पाळी आली. १९७९ साली, ज्या दिवशी मॅनिटोबाचा निकाल लागला त्याच दिवशी, सर्वोच्च न्यायालयाने ब्लेकी खटल्यात सनदेचा विधिमंडळ व न्यायालयांविषयीचा भाग रद्द केला. कारण १३३वे कलम. मॅनिटोबातल्या फ्रेंचांना आणि क्वेबेकमधल्या इंग्रजांना एकाच दिवशी एकाच मापाने न्याय मिळाला, ही या इतिहासातली सर्वांत सुंदर गोष्ट आहे असे मला वाटते.

पाट्यांचा खटला १९८८ साली निकालात निघाला. व्हॅलरी फोर्ड यांचे लोकरीचे दुकान होते. पाटीवर फ्रेंच 'लेन' आणि इंग्रजी 'वूल' असे दोन्ही शब्द होते. त्यांच्यासह पाच व्यावसायिकांनी दाद मागितली. न्यायालयाने मान्य केले की, फ्रेंच भाषा खरोखरच धोक्यात आहे आणि तिचे रक्षण हा सरकारचा रास्त हेतू आहे. पण अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्यात भाषा निवडण्याचे स्वातंत्र्य येते आणि दुसऱ्या भाषेवर सरसकट बंदी घालणे या हेतूसाठी आवश्यक ठरत नाही. फ्रेंच ठळकपणे वरचढ असावी, असे मात्र सरकार सांगू शकते. पोषण करा, गळा दाबू नका, असे माझ्या शब्दांत मी याचे सार सांगेन.

इथे कॅनडाच्या घटनेतले एक वेगळेच हत्यार बाहेर आले. आपल्या कायद्यांत 'काहीही अंतर्भूत असले तरी' अशी शब्दयोजना येते, तसे तिथल्या १९८२च्या हक्कसनदेत ३३वे कलम आहे. अभिव्यक्तीसारख्या काही हक्कांना बाजूला ठेवून विधिमंडळ कायदा करू शकते. मात्र त्याची मुदत पाच वर्षे, पुढे पुन्हा ठराव करावा लागतो. बुरासा यांनी हे कलम वापरून बाहेरच्या पाट्या केवळ फ्रेंच ठेवल्या. त्यांच्या मंत्रिमंडळातल्या तीन इंग्रजी भाषक मंत्र्यांनी राजीनामे दिले. प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे गेले. समितीने १९९३ साली सांगितले की, राज्यसंस्थेने एक किंवा अनेक अधिकृत भाषा जरूर ठरवाव्यात, पण सरकारी व्यवहाराच्या बाहेर कोणी कोणती भाषा वापरावी हे ती रोखू शकत नाही. पाच वर्षांची मुदतही संपत आली होती. १९९३च्या विधेयक ८६ने इतर भाषांना परवानगी दिली. फ्रेंच मजकूर साधारणपणे दुप्पट जागा व्यापणारा हवा, असा नियम झाला. पाच वर्षांपूर्वी न्यायालयाने सुचवलेला मार्गच अखेर स्वीकारला गेला.

त्याच निर्णयात समितीने आणखी एक गोष्ट सांगितली, ती आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे. अल्पसंख्य कोण हे देशाच्या पातळीवर मोजायचे, प्रांताच्या नव्हे. म्हणून क्वेबेकमधले इंग्रजी भाषक आंतरराष्ट्रीय कराराच्या २७व्या कलमाखाली अल्पसंख्य ठरत नाहीत. आपल्याकडे उलट आहे. टी. एम. ए. पै फाउंडेशन खटल्यात २००२ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की, भाषिक अल्पसंख्य राज्य हा घटक धरून ठरवायचे, कारण राज्यांची रचनाच भाषेवर झाली आहे. देश हे माप घेतले असते, तर मराठी माणूस पुण्यातही अल्पसंख्य ठरला असता आणि शब्दाला अर्थच उरला नसता. राज्य हे माप घेतल्यामुळे बेळगावचा मराठी भाषक कर्नाटकात अल्पसंख्य, तसा जत-अक्कलकोटचा कन्नड भाषक महाराष्ट्रात अल्पसंख्य. दोघांचा हक्क एकाच कलमातून येतो. एकाचा कापला तर दुसऱ्याचाही कापला जातो.

शाळांच्या बाबतीत कॅनडाने १९८२ साली २३वे कलम लिहिले. अल्पसंख्य भाषेतल्या पालकांना, पुरेशी संख्या असेल तिथे, सरकारी खर्चाने मुलांना त्या भाषेत शिकवण्याचा हक्क दिला. आणि मघाशी सांगितलेले ३३वे कलम या हक्काला लागू होत नाही. कोणतेही बहुमत तो पाच वर्षांसाठीही बाजूला ठेवू शकत नाही. १९८४ साली याच कलमामुळे क्वेबेकची अट सैल झाली. आईवडिलांपैकी कोणी कॅनडात कुठेही इंग्रजीतून प्राथमिक शिक्षण घेतले असले, तरी मूल पात्र ठरले. हा हक्क बहुसंख्याकांसाठी नाही. २००५ साली काही फ्रेंच भाषक पालकांनी समानतेच्या नावाने इंग्रजी शाळा मागितली, ती न्यायालयाने नाकारली. अल्पसंख्याकांच्या शाळेला बहुसंख्याकांच्या सोयीची शाळा होऊ देता येणार नाही, हे त्यामागचे तत्त्व. २००९ साली, थोडे दिवस विनाअनुदान इंग्रजी शाळेत घालून पात्रता मिळवण्याची वाट सरसकट बंद करणारा प्रांताचा कायदाही न्यायालयाने अमान्य केला. तराजूची दांडी दोन्हीकडे झुकते, ती अशी.

शाळा मिळाली म्हणजे प्रश्न संपतो का? नाही. अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनच्या फ्रेंच पालकांनी हा मुद्दा लढवला. १९९०च्या माहे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, पुरेशी संख्या असेल तिथे शाळेचा कारभारही त्या समाजाच्या हाती असला पाहिजे. संख्या कमी असेल तर मंडळात प्रतिनिधी, जास्त असेल तर स्वतंत्र मंडळ. शिक्षक कोण नेमतो, अभ्यासक्रम कोण ठरवतो, यावर भाषेचे आयुष्य अवलंबून असते. इमारतीवरच्या पाटीवर नव्हे.

आता चौथे दार, दवाखान्याचे. १९९७ साली ऑन्टारिओच्या आरोग्यसेवा पुनर्रचना आयोगाने ऑटावाचे माँफोर रुग्णालय बंद करण्याचा आदेश दिला. बचत हे कारण. ते प्रांतातले फ्रेंचमधून वैद्यकीय प्रशिक्षण देणारे एकमेव रुग्णालय होते. हजारो लोक सभेला जमले, मग लढाई कोर्टात गेली. सरकारचे म्हणणे असे की, इतर रुग्णालयांत फ्रेंच बोलणारे कर्मचारी मिळतील. २००१ साली अपील न्यायालयाने हे फेटाळले. कुठेतरी दुभाषा मिळणे आणि जिथे सगळा कारभारच त्या भाषेत चालतो अशी संस्था असणे, यांत फरक आहे, हे त्याने ओळखले. त्यासाठी घटनेत न लिहिलेल्या पण तिच्या पायात असलेल्या, अल्पसंख्याकांच्या आदराच्या तत्त्वाचा आधार घेतला. माँफोर आजही चालू आहे. क्वेबेकनेही १९८६ साली इंग्रजी भाषक रोग्यांना संस्थेच्या साधनसामग्रीच्या मर्यादेत इंग्रजीतून आरोग्यसेवेचा हक्क कायद्याने दिला, हेही सांगितले पाहिजे.

या भांडणात तिसरा एक पक्ष नेहमी विसरला जातो, तो त्या भूमीच्या मूळ रहिवाशांचा. क्री आणि इनुइट लोकांच्या भाषा फ्रेंच आणि इंग्रजी दोन्हींच्या आधीच्या. सनदेने त्यांच्या शाळांत त्यांच्या भाषेतून शिकवायला मुभा ठेवली. दोन थोर भाषांच्या वादात लहान भाषेने कुठे उभे राहायचे, हा प्रश्न आपल्याकडच्या आदिवासी बोलींनाही लागू आहे.

क्वेबेकची गोष्ट संपलेली नाही. २०२२ साली विधेयक ९६ मंजूर झाले. ३३वे कलम आधीच लावून ठेवले. नव्या स्थलांतरितांशी सहा महिन्यांनंतर सरकार मुख्यतः फ्रेंचमधूनच व्यवहार करील, इंग्रजी महाविद्यालयांच्या प्रवेशसंख्येवर मर्यादा राहील, आणि प्रमाणपत्राची अट २५ ते ४९ माणसांच्या उद्योगांनाही लागू होईल. आरोग्य, सार्वजनिक सुरक्षितता आणि नैसर्गिक न्याय यांसाठी अपवाद आहेत, पण अपवाद कागदावरून दवाखान्याच्या खिडकीपर्यंत पोचतो का, याची तिथल्या इंग्रजी समाजाला चिंता आहे. उत्तर अमेरिकेच्या इंग्रजी सागरात आपण बेट आहोत, ही फ्रेंचांची भीतीही खोटी नाही.

यातून आपण काय घ्यावे? आपल्या घटनेत ३५०-क कलम मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाच्या सोयींबद्दल बोलते, पण राज्याने 'प्रयत्न' करावा असे म्हणते. विशेष अधिकारी राष्ट्रपतींना अहवाल देतो. शाळेत ४० किंवा वर्गात १० मुले असतील तर मातृभाषेचा शिक्षक द्यावा, हे सूत्र १९४९ सालापासून आहे. 'पुरेशी संख्या' म्हणजे किती, हे आपण कॅनडाच्या कितीतरी आधी आकड्यात सांगितले. त्यांनी मात्र त्याला कोर्टात मागता येईल असा हक्क केले आणि शाळेचा कारभारही त्याला जोडला. म्हणून मराठी शाळेसाठी मागणी करताना 'शाळा द्या' एवढ्यावर थांबू नये. शिक्षक, पाठ्यपुस्तके, वेळेवर नेमणूक आणि कारभारात वाटा, या चारही गोष्टी मागाव्यात आणि पटावरची संख्या टिकवण्याची जबाबदारी आपण घ्यावी. संख्या गेली की हक्कही जातो.

दुसरे असे. महाराष्ट्रात दुकानांवर मराठी देवनागरी पाटीची सक्ती आहे, कर्नाटकात २०२४ पासून पाटीचा ६० टक्के भाग कन्नड हवा असा कायदा आहे. फोर्ड खटल्याची कसोटी लावली, तर राज्यभाषेला मोठी जागा देण्यात गैर काही नाही. उरलेल्या जागेत दुसरी भाषा पुसली जाते का, हे पाहायचे. महाराष्ट्राने मराठी विषय सक्तीचा केला, त्याला गुजराती भाषकांच्या संस्थांनी आव्हान दिले, तेव्हा २००४ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सक्ती मान्य केली. राज्याची भाषा शिकणे हे अल्पसंख्याकाचे कर्तव्यच. मुंबईत आपण हे मान्य करतो, तर बेळगावात कन्नड शिकण्याबाबतही तेच मान्य करावे लागेल. मग मराठी शाळा, मराठी कागद आणि मराठी दवाखाना यांवरचा आपला हक्क अधिक बळकट होतो, कारण एकाच मापाने मोजणाऱ्याचे म्हणणे कोर्टही ऐकते आणि शेजारीही ऐकतो.

ब्लेकी आणि फॉरेस्ट या दोन खटल्यांचे निकाल एकाच दिवशी लागले होते, हे मी मघाशी सांगितले. कुठल्याही भाषिक मागणीचा कागद लिहायला बसाल, तेव्हा त्या दोन निकालांची आठवण ठेवा. जो हक्क आपल्यासाठी मागतो, तो सीमेपलीकडच्या दुसऱ्या भाषेच्या माणसासाठी मागायला आपण तयार आहोत का, हे आधी तपासा. तयार असू, तर मागणी भक्कम पायावर आहे.